खिशातलं दुसरं पान

"गुरुजी, तुमचं काम वाचायचं. विचार करायला आम्ही आहोत."

पोशेरा गावी शाळेच्या पडवीत, सगळ्या गावासमोर तालुक्याहून आलेले साहेब हे बोलले. बरोबरचे दोन कारकून हसले. माझ्या हातात दोन पानांचा कागद होता. साहेबांनी त्यातलं दुसरं पान काढून घेतलं, घडी घातली आणि माझ्याच शर्टाच्या खिशात कोंबलं. पेनाच्या मागे.

मी गावातलाच. पहिला शिकलेला, गावच्याच शाळेत मास्तर. सरकारी कागद आला की मी मोठ्याने वाचायचा, मग आमच्या बोलीत सांगायचा आणि त्यावर लोकांनी ठरवायचं, अशी रीत होती. कागद उलटून कोणी बघत नसे. मी बघितला म्हणजे झालं.

तो कागद जंगलातल्या जमिनींचा होता. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या उतारांसाठी लोकांनी दावे केले होते. पहिल्या पानावर होतं, दावे नामंजूर. दुसऱ्यावर होतं, साठ दिवसांत अपील करता येईल. कुठे करायचं, काय जोडायचं, सगळं.

"साहेब, अपिलाचं तेवढं..."

"यांना अपील कळतं? आणि तुमची बदली कुठेही होऊ शकते, हे तुम्हाला कळतं ना?"

मला कळलं. मी पहिलं पान वाचलं.

माझ्या चुलतभावाची बायको, काशी वहिनी, पुढेच बसली होती. तिने विचारलं, "भावजी, आजून काय लिवलाय का?"

"नाही. एवढंच."

तिने मागे बसलेल्यांकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "मंग सोडायचा. सरकारशी कोन भांडल." तिच्यामागे सगळे उठले. निकाल मान्य म्हणून अंगठे लागले.

साहेबांनी अहवालात लिहिलं, कोणी हरकत घेतली नाही. पुढे जव्हारला एका बैठकीत त्यांना बोलताना मी ऐकलं, "या लोकांना विचार करायची सवयच नाही." मी मागे उभा होतो. चहा पीत होतो.

खोटं होतं ते. काशी वहिनीने विचार केला होता. तिच्यापुढे जेवढं ठेवलं, तेवढ्यावर कोणत्याही शहाण्या माणसाने तेच ठरवलं असतं. उरलेलं माझ्या खिशात होतं.

वहिनीचा नाचणीचा उतार गेला. वहिनी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊ लागली. माझी बदली झाली नाही. ते पान ट्रंकेत राहिलं.

यंदा पुन्हा सभा बसली. डोंगरावर पर्यटकांसाठी हॉटेल, त्यासाठी गुरं चरायची जागा द्यायची. सभेला जाताना ते जुनं पान मी खिशात घातलं. नवे साहेब तरुण, गोड बोलणारे. "गुरुजी, सगळं कशाला वाचता? सारांश सांगा. गावात रोजगार येणार म्हणा."

"सारांश नाही. कागद वाचणार."

"वय झालं तुमचं. बसा आता."

बसलो नाही. चारही पानं वाचली, बोलीत सांगितली. चौथ्यावर होतं, जागा तीस वर्षांसाठी जाणार, गुरांची वाट बंद. मग खिशातलं पान काढून तेही वाचलं. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा हे माझ्याकडे होतं."

वहिनीने माझ्याकडे बघितलंही नाही. नव्या कागदाची पानं माझ्या हातातून घेतली आणि अंगणवाडीत कामाला असलेल्या सुनेला दिली.

"यानं सगला वाचला का, बघ."

या वेळी ती मला भावजी म्हणाली नाही.

सून ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. तोवर मी उभा. साहेबांनी केला तो अपमान होता. हा नव्हता. हे माझ्या वाट्याचं होतं.

त्या दिवशी अंगठा लागला नाही. माझी जबानी मी वरच्या कचेरीत लिहून दिली आहे, जुनं पान जोडून, सहीनिशी. त्याने वहिनीची जमीन परत येईल, असं मी तिला सांगणार नाही. मला ते माहीत नाही.

यापुढे माझ्या वाचण्यावर कोणी अंगठा लावायचा नाही. दुसऱ्याने पानं मोजायची, तपासायची. प्रत्येक सभेत आधी मी हेच सांगणार. कारणासकट सांगणार. मग कागद उघडणार.