चौकटीतली फिकट अक्षरं

ठकीच्या हातून कुणाचा तरी जीव जाईल, ही भीती आईच्या मनातून काही केल्या जाईना.

ठकी डॉक्टर नव्हती. कॉम्प्युटरवरच्या रिकाम्या चौकटींत काय भरायचं ते सुचवणारी फिकट अक्षरं लिहिणं, हे तिचं काम. स्वभावही तसाच. शाळेत शेजारणीला उत्तर सांगायची नाही, पण ‘प्रश्न परत वाच’ एवढं हळूच कुजबुजायची.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. तिच्या सूचना असलेला केसपेपरचा नवा प्रोग्रॅम सोमवारी सकाळी आठला हॉस्पिटलात सुरू होणार होता. त्याच हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर आईची तीस वर्षं गेली होती. ‘औषधांची अ‍ॅलर्जी’ या चौकटीपाशी आईचं बोट थांबलं.

“इथे ‘काही नाही’ कोणी भरलं गं?”

“कोणीच नाही. अ‍ॅलर्जी नसेल तर असं लिहा, ही सूचना आहे. टाइप करायला लागलं की जाते.”

“मला भरलेलंच वाटलं.”

“तुला बंद केलेला गॅसही चालूच वाटतो!”

“थट्टा पुरे. समोर चाळीस माणसांची रांग असली की माणूस फक्त रिकामी चौकट शोधतो. ही रिकामी दिसतच नाही. विचारायचं राहून जाईल, आणि वर वॉर्डात कुणीतरी इंजेक्शन टोचेल.”

ठकीचा चेहरा उतरला. “आता साहेबांना सांगू? मागच्या वेळी चूक दाखवली, तर सगळ्यांसमोर माझीच अक्कल काढली. आणि आई, तू मध्ये नाक खुपसलंस ना, तर मी बोलणार नाही तुझ्याशी.”

सोमवारी सात वाजल्यापासून आई ओट्याशी नुसतीच उभी होती. पूर्वी एकदा घाईत तिनेच न विचारता एका बाईच्या केसपेपरवर अ‍ॅलर्जी ‘नाही’ लिहिलं होतं. त्या बाईचा सुजलेला चेहरा, श्वासासाठीची ती धडपड! बाई वाचली. पण आज कोण असेल? कुणाची तरी लेक, कुणाचा म्हातारा बाप. आणि सगळं ठकीच्या माथी.

ठकीला तीनदा फोन केला. उचलला नाही.

साडेसात झाले. हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर आता ड्यूटीवर आल्या असतील. त्यांना सांगितलं तर ठकीच्या ऑफिसात बोभाटा होईल, नोकरीही जाईल कदाचित. पोरगी तोंड बघणार नाही.

“नको बघूस,” आई पुटपुटली आणि जुन्या डायरीत सिस्टरचा नंबर शोधू लागली.