काळी दोन

मोबाइलला हात लावायच्या आधी मावशी उजव्या हाताचं बोट पदराला पुसायच्या, मग ते मुडपून त्याच्या पेरानं काचेवर टकटक करायच्या. आत कुणी आहे का, असं दार वाजवून विचारावं तशा. बोटाचं टोक त्यांच्या फोनला ओळखूच यायचं नाही. चूल, राख आणि शाळेची पातेली यांनी त्या टोकांची कातडी सुकवून जाड केली होती आणि वरच्या रेघा कधीच पुसून टाकल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्रसुद्धा त्यांना दोन-तीनदा परत पाठवायचं. पेरानं टकटक करूनही काही उघडलं नाही, की फोन माझ्यापुढे यायचा आणि त्यामागून ठरलेलं वाक्य यायचं, "गुरुजी, आमाला पहिलीतलं द्या."

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणारा रस्ता सोडून वर चढलं की आमची शाळा लागते. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि माझ्या वर्गाच्या खिडकीला लागून पत्र्याची स्वयंपाकाची शेड. मावशी तिथे पोरांची खिचडी शिजवायच्या. मी रोज महाडहून मोटारसायकलवर जातो. लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या आहेत, तेवढ्या भांडवलावर केंद्रातल्या समूहगीत स्पर्धेला मी कायमचा परीक्षक असतो. संगीतातलं काही अडलं की लोक मला विचारतात, आणि विचारलेलं मला आवडतं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

मावशींनी विचारलं ते गणपतीनंतर. सकाळी तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून त्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, गाणं शिकायचं पुस्तक मिलतं का? अगदी पहिलीतलं."

"कुणासाठी?"

"माज्यासाठीच."

कारण असं होतं. त्यांच्या वाडीत हळदीची गाणी येणारी एकच बाई उरली होती, ती म्हणजे त्यांची थोरली जाऊ. ती श्रावणात वारली. वैशाखात मावशींच्या लेकीचं लग्न होतं. लेक मुंबईला कामाला. तिनं निक्षून सांगितलं होतं की माझ्या हळदीला स्पीकर लावायचा नाही, काकीची गाणी आई म्हणेल. शब्द मावशींना सगळे पाठ होते. चाल पाठ होती. "पन गाता कुठं येतं मला," त्या म्हणाल्या. "शिकूनच म्हनीन. पोरीच्या हळदीत हसं नको."

आता तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतंत? बहुधा म्हणाला असतात, मावशी, एक गाणं म्हणून दाखवा बघू. कुठल्याही गाणं शिकवणाऱ्याचं ते पहिलं वाक्य असतं. मी ते म्हणालो नाही. मी म्हणालो, "बघतो एखादं चांगलं पुस्तक."

पहिलं पुस्तक मी माझ्याच कपाटातलं दिलं. जाडजूड, थाट आणि रागांच्या वेळा वगैरे असलेलं. मावशींचं शिक्षण चौथी. पंधरा दिवसांनी त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणलं. "लय मोठ्या मान्साचं हाय," एवढंच म्हणाल्या. दुसरं मी महाडच्या एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवरून आणलं. पातळ, रंगीत मुखपृष्ठाचं, घरच्या घरी पेटी शिकवणारं. ते त्यांना आवडलं. पेटीच्या पट्ट्यांचं चित्र होतं त्यावर त्या बोट ठेवून सा रे ग म म्हणायच्या. पेटी त्यांच्याकडे नव्हती हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला.

मग मी अॅपकडे वळलो. लेकीनं नवा फोन घेतल्यावर जुना आईला दिला होता. पहिलं अॅप लहान मुलांचं होतं. सूर बरोबर आला की फुगा फुटायचा आणि एक बाई इंग्रजीत शाबासकी द्यायची. चुकला तरी ती तितक्याच गोड आवाजात पुन्हा करा म्हणायची. मावशींना ती बाई फार पसंत पडली. "ती रागवत नाय गुरुजी कधी," त्या म्हणाल्या. मीच ते काढून टाकलं. म्हटलं, हे खेळणं आहे, शिकायचं तर नीट शिका. ते मोठ्या मान्साचं शिकवणं माझ्यात पुन्हा शिरलंच.

शेवटी तानपुऱ्याचं अॅप बसवून दिलं. त्यात मागे तानपुरा वाजत राहतो आणि आपण गायलं की पडद्यावर एक पट्टी हलते. सूर जुळला तर हिरवी, हुकला तर लाल. सुरू करताना ते विचारतं, तुमचा सा कुठला? मी माझा लावला. काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. व्हरांड्यात उभं राहून खणखणीत आवाजात सा लावून दाखवला, पट्टी हिरवीगार झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या की मला अजून दोन सूर लावावेसे वाटले, आणि लावलेही.

"आता हे असंच ठेवायचं. बाकीच्या बटणांना हात लावायचा नाही."

"नाय लावणार," मावशी म्हणाल्या. आणि खरंच लावला नाही.

रियाज त्या शाळेत कधी करायच्या नाहीत. वहाळाचं पाणी ओलांडून पलीकडे, जिथे कुणी ऐकणार नाही अशा जागी जाऊन रोज सकाळी तासभर म्हणायच्या आणि मग चूल पेटवायला यायच्या. आल्या की मला खबर द्यायच्या.

"खालचे चार हिरवे होतात. वरचे नाय होत."

"रियाज वाढवा."

पुढच्या महिन्यात, "वरचा सा लावताना गल्याची शीर ताणते."

"होतं सुरुवातीला. रियाज वाढवा."

शिमग्याच्या सुमारास त्यांचा आवाज बसला. पोरांना जेवायला हाक मारताना नुसती फुंकर निघायची. पोरं त्यांची नक्कल करायची आणि मावशीही हसायच्या. मी त्यांना ज्येष्ठमध चघळायला सांगितलं. वर असंही म्हणालो की गळा तयार होताना आधी असा बसतोच. हे मी कुठे वाचलं होतं कोण जाणे. बहुतेक कुठेच नाही.

परीक्षा संपल्या तेव्हा त्या महाडला डॉक्टरकडे जाऊन आल्या. गळ्यात सूज होती आणि दोन बारीक गाठी धरू लागल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. हळदीला सतरा दिवस राहिले होते.

हळदीला मी गेलो होतो. मांडव छान होता, वाडीतली मुंबईची सगळी मंडळी आलेली. स्पीकर लावला होता. दुसरं काय करणार? त्यावर कुठल्या तरी गावच्या बायकांनी कुठल्या तरी स्टुडिओत म्हटलेली हळदीची गाणी चालू होती. लेक पाटावर बसली होती आणि मावशी तिच्या गालाला हळद लावत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. स्पीकरवर एक गाणं आणि ओठांवर दुसरंच, जावेचं. लेक ते ओठ बघत होती. हळदीत रडतातच सगळे, म्हणून तिच्या रडण्याकडे कुणी विशेष लक्ष दिलं नाही.

मावशींनी मला खुणेनं बोलावलं आणि फोन हातात दिला. फोटो काढा, अशी खूण केली. मी फोन उघडला तर समोर तानपुऱ्याचं अॅप उघडंच होतं. बोलायची बंदी असली तरी मावशी नुसता तानपुरा ऐकत होत्या. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: सा, काळी दोन.

मी फोटो काढायचा विसरलो. पेटीच्या दोन परीक्षा दिलेल्या माणसाला तर हे ठाऊक हवंच. पुरुषाचा सा आणि बाईचा सा एका पट्टीवर बसत नाही. काळी दोन हा माझ्या गळ्याचा सूर. त्यात बाईनं गायचं म्हटलं तर माझ्याइतकं खाली आवाज पोचत नाही, म्हणून ती एक सप्तक वरून धरते, आणि मग वरचे सूर लावताना तिचा गळा फाटायला लागतो. माझ्या मापाची चप्पल मी त्यांच्या पायात घातली होती आणि सहा महिने वरून ओरडत होतो, धावा म्हणून. मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर दोन मार्कांना बरोबर लिहिलं असतं. फक्त मावशींना गळा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मांडवाच्या खांबाआड उभं राहून मी ते बटण दाबलं आणि सा काळी चारवर, बायकांच्या नेहमीच्या पट्टीवर, नेऊन ठेवला. चार-दोन फोटो काढले. फोन परत देताना मावशींनी भुवया उंचावून विचारलं, काय करत होता?

"काही नाही," मी म्हणालो. "अॅप जरा अपडेट केलं."

त्यांनी हात जोडले. मी जेवायला बसलो आणि पोटभर जेवलो, हेही सांगायला हवं.

जून उजाडला, शाळा सुरू झाली, मावशींचा आवाज हळूहळू परत आला. एका सकाळी त्या वहाळाकडून जवळजवळ पळतच आल्या. पेरानं टकटक करून अॅप उघडलं, पण माझ्यासमोर गायला लाजल्या. नुसतंच सांगितलं.

"सगले हिरवे झाले, गुरुजी. वरचासुदा. डॉक्टरच्या औषधानं गला सुधारला बघा."

सांगायची वेळ ती होती. मी म्हणालो, "छान."

"तुमी नसता तर मी कुठं शिकले असते?" त्या खाली बसल्या, सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडता निवडता अगदी सहज बोलल्या. "पयल्यांदा मी इथं बसून गुनगुनायची ना, तवा तुमी खिडकी लावून घ्यायचा. तवाच समजले, आपलं गानं म्हंजे नुसता गलका हाय. म्हून तर तुमच्याकडंच आले. ज्याला खोट कलते, त्यालाच इचारावं."

खिडकी मला आठवली. गणिताच्या तासाला शेडमधून गुणगुणणं यायचं, आणि मी पाढे न थांबवता हात लांब करून कडी घालायचो. अशी किती वर्षं घातली असेल. पुढे कधीतरी कडी घालायची गरज पडेनाशी झाली. गाणं थांबलं म्हणून गरज संपली, हा हिशेब मी मांडला नव्हता.

दिवाळीनंतर लेकीला दिवस गेले आणि मावशी मुंबईजवळ दिव्याला तिच्याकडे राहायला गेल्या. जायच्या दिवशी पातेली घासून पालथी घातली, किल्ली दिली, आणि वाडीतल्या दोन बायकांच्या फोनमध्ये तेच अॅप बसवून द्या म्हणाल्या. त्यांना त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "गुरुजी लावतील तसंच ठेवायचं गो, हात नाय लावायचा." मी त्या दोघींना आधी गायला लावलं. एकीचा सा पांढरी सहा निघाला, दुसरीचा काळी चार. मावशी कौतुकानं बघत होत्या. आपल्याला तेव्हा असं का गायला लावलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, गुरुजींची शिकवायची पद्धत सुधारली.

आता शेडमध्ये दुसऱ्या बाई आहेत. खिडकी मी उघडी ठेवतो. त्या बाई फोनवर सिरियल ऐकतात.

मागच्या महिन्यात मावशींचा आवाजातला मेसेज आला. नात झाली आहे. तिला हळद आणि पीठ लावून आंघोळ घालताना लेकीनं गुपचूप भरून घेतलं होतं. मागे बादलीत पाणी पडत होतं, मूल कुरकुरत होतं, आणि मावशी जावेचं हळदीचं गाणं म्हणत होत्या. मागे तानपुरा नव्हता. मी पहिल्यांदाच त्यांना गाताना ऐकलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. तोच शेडमधला आवाज होता. जाड, सावकाश, कुठेही न डगमगणारा. मी पेटी काढून पट्टी शोधली. पांढरी पाच. गाणं चार कडव्यांचं होतं, मधे दोनदा मूल रडलं, एकदा मावशी त्याच्याशी बोलल्या, आणि तरीही शेवटी त्या बरोबर पांढरी पाचवरच येऊन थांबल्या. म्हणजे हळदीच्या मांडवात मी चोरून केलेली दुरुस्तीही अर्ध्या सुरानं चुकली होती. त्यांना माझ्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतंच, कधीच.

हे सगळं मी इथे लिहिलं, कारण छापलेलं मावशी वाचत नाहीत. तेवढा विचार करूनच लिहायला बसलो. तुम्हाला सांगणं सोपं आहे.

गाणं संपल्यावर त्या मेसेजमध्ये थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू येतं. मग मावशींचा आवाज, लेकीनं फोन पुढे धरला असावा. "गुरुजी, कुठं चुकलं असंल तर सांगा हां. लाजू नका." मी उत्तर म्हणून अंगठा पाठवला.