तोंड मिटलेला पिवळा मासा

मंडळी, आज सकाळी मी एक मासा दुकानात परत द्यायला निघालो होतो. माझ्या टाकीतल्या पिवळ्या सिक्लिड माशांपैकी एक दहा-बारा दिवस काहीच खात नव्हता. नर म्हणून आणला होता. आजारी असेल तर बदलून देतो, असं दुकानदार म्हणाला होता.

घनसावंगीकडून आलेल्या नव्वदीतल्या आत्यानं काचेला नाक लावलं.

"आजारी न्हाई रे. गाल बघ कसे फुगलेत. तोंडात पिल्लं धरून बसलाय. बाप हाय त्यो."

मी टॉर्च मारला. ओठांच्या फटीतून बारके डोळे चमकले! मोबाइलवर पाहिलं, तर या जातीत पिल्लं आईच तोंडात सांभाळते. म्हणजे माझा नर मादी निघाला.

"आमच्या डोहातल्या माशात बापच सांभाळायचा," आत्या म्हणाली.

निजामाच्या राज्यात माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, गोदावरीकाठी मेंढरं चारायचे. आत्या चार वर्षांची असताना तिची आई वारली. मग आजोबा तिला खांद्यावर घेऊनच रानात जायचे.

"एकदा बानं तसला मासा दाखवला अन् म्हनला, बघ, ह्यो बी माझ्यावानीच करून राह्यलाय."

मासा घरीच ठेवला. आत्या दुपारभर टाकीसमोरून उठली नाही.

तुमच्यापैकी कुणाला वडिलांनी एकट्यानं वाढवलंय? त्यांची कोणती गोष्ट अजून डोळ्यांसमोर येते?