गेटापासून तिसरी ओळ

आमच्या गावातल्या मेलेल्या माणसांनी एका पावसाळ्यात जागा बदलल्या, त्याला मी एकटा जबाबदार आहे. लोक भूकंपाला बोल लावतात. मीही बरेच दिवस लावला. पण आता वय झालं, आणि फादर म्हणतात, कबुली जिवंतपणी दिलेली बरी.

गाव पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. आम्हा ख्रिस्ती लोकांची तीसएक घरं, आणि नदीकडे उतरत गेलेलं एक कबरस्तान. जमीन काळी. उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसाळ्यात फुगते. दगड लावावा तर दोन वर्षांत तिरपा होऊन बसतो. लाकडी क्रूस वाळवी खाते (वाळवी कोणत्याच धर्माची नाही). चार महिने गवत कमरेइतकं वाढतं आणि दिवाळीच्या सुमाराला कापलं की खाली नुसती सपाट माती राहते. कोण कुठे आहे, ते डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून कबरवही.

पूर्वी वही एकच होती. एकदा नदी घरात शिरली आणि वही घेऊन गेली. त्या वर्षी आमच्यातली निम्मी माणसं बेपत्ता झाली, तीसुद्धा मेल्यानंतर. तेव्हा पावलस मास्तरांनी शिस्त घातली. तीन घरांत तीन वह्या. तिन्ही पूर्ण, पहिल्या पानापासून. यातली खरी कोणती, असं विचारायचंच नाही, तिन्ही खऱ्या. ज्याला जे कळेल ते त्याने आपल्या वहीत लिहायचं, पण खाली नाव, तारीख आणि कारण टाकायचं. खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ, म्हणजे जुनं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं तर नावच नको. काही नुसतं मनात असेल, नक्की नसेल, तर शेवटच्या पानांवर पेन्सिलीने. आणि नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो, त्याच्या आधी तिघांनी बसून वह्या मिळवायच्या. माझ्यात नाही ते तुझ्यातून उतरवून घ्यायचं, तुझ्यात नाही ते माझ्यातून. दोन वह्या दोन गोष्टी सांगायला लागल्या, तर पहार घेऊन जागेवर जायचं.

एक वही मास्तरांकडे, एक माझ्याकडे. माझी शाळा तिसरीत सुटली, पण तीस वर्षं गावच्या कबरी मीच खणल्या. ज्याने खड्डा खणला त्याला खड्डा ठाऊक, की ज्याने शाळेत फळा पुसला त्याला? असा माझा हिशोब.

तिसरी वही मार्थावहिनीकडे, माझ्या थोरल्या भावाच्या, याकोबदादाच्या बायकोकडे. तिला वाचता येत नाही. दादाची म्हणून सांभाळते. दादा गेला तेव्हा माझा हात धरून एकच बोलला होता, "मार्थाला माझ्या डाव्या अंगाला ठेव. दुसऱ्या कुनाला तिथं घालू नको." मी शब्द दिला. ती जागा मोकळी सोडली, आणि दादाच्या उजव्या अंगाची स्वतःला लिहून घेतली. वहिनीला दमा. भूकंपाच्या वर्षी राहात्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयही थकलंय, हिवाळा जपा. वहिनीला ते न सांगताच कळलं होतं. तिचं या जगात एकच मागणं उरलं होतं, ती डावी बाजू.

आता माझा पराक्रम.

कबरस्तानाचं गेट नदीच्या बाजूला होतं, माझ्या बापाने बसवलेलं. भूकंपाच्या दोन वर्षं आधी भिंत बांधताना पंचांनी ते बुजवलं आणि रस्त्याच्या बाजूला नवं केलं. मी विरोध केला. कुणी ऐकलं नाही. मग मी वह्या मिळवायला गेलोच नाही, दोन्ही वर्षं. निरोप धाडला, "माझ्या वहीत गेट हललेलं न्हाई."

ते खरंच हललेलं नव्हतं. मधल्या काळात मास्तरांनी आपल्या आणि वहिनीच्या वहीत सगळ्या अकरा ओळी नव्या गेटापासून मोजून लिहिल्या, जुन्या आकड्यांवर एकेक रेघ मारून.

भूकंपाच्या सालची गोष्ट. श्रावणात मास्तर दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी नगरला थोरल्या मुलाकडे गेले, ते अडीच महिन्यांसाठी. जाताना आपली वही इथल्या धाकट्या सुनेच्या हाती माझ्याकडे धाडली. निरोप असा, की आता राग सोडा आणि यातून तुमची वही मिळवून घ्या.

मी वही उघडली. पानापानावर रेघा, रेघांवर आकडे, जशी काही कोंबडी चिखलातून चालून गेली. शेजारी माझी वही ठेवली. एक रेघ नाही, स्वच्छ. माझ्या मनात विचार आला (तो मला लगेच पटला, हीच माझी अडचण), की बिघडलेल्या वहीवरून चांगली वही कशाला सुधारायची? चांगलीवरून बिघडलेली सुधारावी.

पंधरा दिवस ओसरीवर बसून मी सुधारत होतो. मास्तरांच्या वहीची पानं फाडली, वहिनीकडून तिची वही मागून आणून तिचीही फाडली, आणि दोन्हींत माझं जसंच्या तसं उतरवून काढलं. एवढं तर मी जन्मात लिहिलं नव्हतं. फाडलेली पानं पाणी तापवायच्या चुलीत घातली. तीन वह्या शेजारी ठेवल्या, तर एका अक्षराचा फरक नाही. इतकी एकी आमच्यात ख्रिसमसलाही नसते.

सप्टेंबर संपता संपता लातूरकडे धरणी हलली. तिकडे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पहाटे नुसती मांडणीवरची भांडी वाजली आणि कुत्री गप्प झाली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सायमन गवंडी वारला. मी वही घेतली, नव्या गेटात उभा राहिलो आणि ओळी मोजल्या. (दोन वर्षं त्या गेटाशी अबोला धरला, आणि मोजायला नेमका त्यातच उभा राहिलो. गेट म्हणजे गेट, पुढे डोकं चाललं नाही.) सहाव्या ओळीच्या पुढे, सातवीत चौथी जागा. वहीत मोकळी. सकाळची वेळ, नदीकडून धुकं आलेलं, पलीकडे उसाची पानं वारा नसताना सळसळत होती. कमरेइतकं खणलं आणि कुदळ वाजली. मातीवर वाजते तशी नाही. दार वाजवावं तशी.

मी थांबलो. बरोबरचे दोघं जण माझ्याकडे बघायला लागले. फावड्याने माती सारली, तर खाली फळी. कुजून काळी पडलेली, पण फळीच. मी वही पुन्हा बघितली. मोकळी जागा.

खड्डा बुजवला, प्रार्थना म्हटली, आणि वहीत मोकळी असलेली दुसरी जागा धरली. तिथेही दोन हातांवर तोच आवाज. तिसऱ्या जागेला कुदळ लावायला कुणी तयार होईना. त्यातला एक जण हळूच म्हणाला, "तात्या, वहीत न्हाई अन् खाली हाय. ही मानसं आली कुठून?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "भूकंपानं सरकली."

बोललो आणि मलाच काटा आला. सायमनला भिंतीच्या कोपऱ्यात, ओळीबाहेर ठेवला, आणि माझं ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. जमीन हलली तेव्हा खालची माणसं कूस बदलून दुसरीकडे गेली. मग ज्याला त्याला आठवायला लागलं. कुणाची आई बाभळीजवळ होती ती आता वहीप्रमाणे विहिरीकडे गेलेली. सहा फुटी पोस्टमनच्या नावावर लेकराएवढा उंचवटा. एका घरी मेणबत्ती तीनदा लावली, तीनदा विझली, म्हणून त्यांनी ती परत घरी आणली. ख्रिस्ती सोडा, बाकीचं गावही दिवस मावळल्यावर त्या रस्त्याने जाईना. आणि खरं सांगू? वही माझ्या अक्षरातली होती तरी मीही जाईना.

ही बातमी वहिनीपर्यंत पोचू नये म्हणून मी धडपडत होतो. ती पोचली. मृतांच्या दिवसाला चार दिवस राहिलेले, दुपारी तिने मला बोलावलं. दम लागत होता, शब्द तुटत होते. तिला दादाकडे जायचं होतं, आत्ता. बैलगाडीतून नेली. नव्या गेटापासून तिसरी ओळ, पाचवी जागा. वही वाचून दाखवली. वहिनी मातीवर बसली, हात टेकला. ऊन असून मला गार वाटायला लागलं.

"भाऊजी, हितं ते न्हाईत," ती म्हणाली.

मी म्हणालो, वहीत हाय. ती म्हणाली, "वहीत असतील. हितं न्हाईत. मला कळतं." मग तिने मला आठवण करून दिली, की दादाच्या डोक्याशी मीच तीन विटा पुरल्या होत्या, हातभर खोल. ते तर माझ्याच वहीत लिहिलेलं. मी पहार आणली, घातली. सपकन आत गेली. शेजारी घातली, सपकन. सात ठिकाणी घातली. कुठेच वीट लागेना.

"भूकंपात," मी म्हणालो, "विटाबी त्याच्याबरोबर गेल्या आसतील."

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी पहार खाली ठेवली. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मग मी कुणाशेजारी जाऊ?"

दादाला दिलेला शब्द माझ्या हातून मातीत गेला होता, आणि कुठल्या मातीत तेही ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी मास्तर माझ्या घरी आले, सुनेचा हात धरून, काळा चष्मा लावून. त्यांनी आपली वही उघडली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "थोमा, हे माझं अक्षर नाही." मी म्हणालो, न्हाई. "माझी पानं कुठे आहेत?" मी चुलीकडे बघितलं. मास्तर चाळीस वर्षं पोरांना मारत होते असं म्हणतात. त्या दिवशी त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, ओळी कुठल्या गेटापासून मोजल्यास? मी म्हणालो, गेटापासून. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला, चुलीत कागद पेटतो तसा. वहीतले आकडे जुन्या गेटाचे, आणि मी उभा नव्या गेटात.

पण उजेडाने भागणार नव्हतं. माझ्या वहीत दोन वर्षांची नवी माणसंच नव्हती (मास्तर बोट दाखवतील तिथे खणलं, पण रागाने वहीत लिहिलं नाही), आणि माझ्या शब्दावर आता कुणी माती उकरू देणार नव्हतं. तेवढ्यात मास्तरांची सून मागून म्हणाली, "सुमनताईंकडे असेल की."

सुमन म्हणजे मास्तरांची लेक, श्रीगोंद्याला दिलेली, नवरा साखर कारखान्यात. तिची आई आमच्याच कबरस्तानात. लग्नानंतर पोरीने अख्खी वही उतरवून नेली होती, आणि दरसाली मृतांच्या दिवसाला आली की नवं काय ते त्यात लिहून न्यायची. एक चौथी वही जगात होती, आणि ती माझ्या चुलीपासून लांब होती.

मृतांच्या दिवशी सुमन पहिल्या एस.टी.ने उतरली. धुक्यात सगळं गाव गेटाशी उभं, हातात मेणबत्त्या, आत पाऊल कुणी टाकीना. मास्तरांना अजून बारीक दिसत नव्हतं, म्हणून तीच वाचायला लागली. "याकोब. जुनी ओळ तिसरी, त्यावर रेघ. नव्या गेटापासून नववी ओळ, पाचवी जागा. डोक्याशी तीन विटा." पुढे ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तात्या, खाली अजून आहे, वाचू का? मास्तर म्हणाले, वाच. तिने वाचलं, "थोमा रागावून आला नाही. त्याच्या वहीत गेट हललेले नाही. तिच्यावरून कोणी मोजू नये."

गाव हसलं नाही. हसलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी पहार घेतली आणि नवव्या ओळीत गेलो, पाचव्या जागेला. पहार घातली. टक्.

वहिनीला दोघींनी धरून आणली. ती बसली, मातीवर हात ठेवला, पदर डोक्यावरून सारखा केला, आणि जिवंतपणी बोलायची तशी मातीला बोलायला लागली, "तुमच्या भावानं लई हिंडवलं मला." तिला त्या वेळी दम लागत नव्हता. मी स्वतः बघितलं.

मग तिने विचारलं, त्या दिवशी मला कुणावर बसवलं होतं? सुमनने बघून सांगितलं, पारूबाई. पारूबाईशी वहिनीचं नळावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं. "म्हनूनच," वहिनी म्हणाली, "खालून गारठा येत हुता."

दुपारी सुमनच्या वहीवरून तिन्ही वह्या नव्याने लिहिल्या. मास्तरांनी सांगितलं, झालेलंही लिहायचं, नाव आणि कारणासकट. "थोमाने पाने फाडून जाळली. कारण," एवढं लिहून ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी बराच विचार केला. "भूकंप लिवा," म्हणालो. त्यांनी ती जागा कोरीच ठेवली.

शेवटी वहिनीने एक दुरुस्ती सांगितली. दादाच्या उजव्या अंगाची जागा, जी माझ्या नावावर होती, तिच्यावर रेघ मारायची. "ह्ये शेजारी आले तर आमालाबी हलवतील." आणि नवीन काय लिहायचं तेही तिनेच सांगितलं, वाचता येत नसताना: थोमा, पहिली ओळ, पहिली जागा, गेटाला लागून. मोजायला लागू नये म्हणून.

मी काही वाद घातला नाही. एवढंच विचारलं, गेट कंचं धरायचं?

त्या दिवसापासून वही माझ्या घरी असते, आणि पेन मास्तरांच्या.