फुलांचं घड्याळ पाच मिनिटं मागे

शहरदर्शनाच्या बसवर सगळे त्यांना दाजी म्हणत, कारण बसचा ड्रायव्हर त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणे म्हणून कंडक्टर म्हणू लागला, मग ऑफिसातले साहेब, आणि संध्याकाळपर्यंत बसमधले पाहुणेसुद्धा. दाजींचं काम बोलण्याचं. ड्रायव्हरकडे पाठ करून पाहुण्यांसमोर उभं राहायचं, हातात माईक, आणि जुनं बंदर, मासळीबाजार, टेकडीवरची श्रीमंतांची वस्ती, बाग, मत्स्यालय, शेवटी दीपगृह, असं शहर उलगडत न्यायचं. या धंद्यात पहिला धडा एकच असतो: पाहुण्यांचं डावं ते आपलं उजवं. दाजींना तो इतका भिनला होता की घरीही ते बायकोला मिठाची बरणी उलट्या बाजूला दाखवत.

दाजींना काचबिंदू होता. नजर कडेकडेने विझत आली होती आणि आता नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरलं होतं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, "गेलेलं परत येत नाही. उरलंय ते थेंब टाकून सांभाळा. तेही किती टिकेल, सांगता येत नाही."

दाजींनी हे ऑफिसात सांगितलं नाही. बसचं काम सुटलं तर दुसरं काही येत नव्हतं, आणि घरात बसून राहिलेल्या दाजींची सगळ्यात जास्त धास्ती दाजींनाच होती. तसं त्यांचं अडतही नव्हतं. बंदराशी रस्ता दगडी होई, बस खडखडे. मासळीबाजार नाकाला कळे. पूल उतरला की उजवं वळण, दोन गतिरोधक, आणि बाग. तिथे फुलांचं मोठं घड्याळ होतं. दाजी माईक जवळ घेऊन म्हणत, "घड्याळं जुळवू नका बरं का! हे पाच मिनिटं मागे आहे. आमच्याकडे फुलंसुद्धा सावकाश उमलतात." बस हसे. मध्येच कुठे गाडी खोळंबली की मेहुणा हॉर्नला हळूच बोट लावी, म्हणजे दाजींनी थांबायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप होत गेलं होतं.

मग एके दिवशी बस धुताना मेहुणा म्हणाला, "दाजी, विमानतळाच्या गाडीवर नाव लागलंय माझं."

"घेतलंस?"

"न घेऊन काय करू? नवी गाडी आहे, सरळ रस्ता आहे. तुमचा डोळा होऊन किती दिवस फिरू मी?"

"मी कधी म्हटलं, फिर म्हणून?"

"नाही म्हटलंत. तेच तर! एकदा तरी म्हणायला हवं होतंत."

दाजी घरी येऊन धुसफुसले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "त्याला बोल लावू नका," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे म्हणून म्हणत नाही."

"मग कशासाठी म्हणतेस?"

"भाऊ आहे म्हणूनच म्हणतेय. आणि तुम्हीच सांगून टाका आता साहेबांना. कुणी पकडण्याआधी."

"सांगतो," दाजी म्हणाले. त्यांनी सांगितलं नाही.

नवा ड्रायव्हर पोरगेला होता, दाजींना काका म्हणायचा. त्याच्या पहिल्याच दिवशी बागेचा रस्ता खणलेला होता. गाडी अलीकडच्या गल्लीतून वळवायची आणि बाग आज वगळायची, असा निरोप सकाळीच सगळ्यांच्या फोनवर आला होता. फोनवरचे निरोप दाजींना मेहुणा वाचून दाखवत असे.

पूल उतरला. उजवं वळण आलं. दोन गतिरोधकही आले, कारण त्या गल्लीतही दोनच होते. दाजींनी हात पसरला.

"आणि मंडळी, ज्याच्यासाठी लोक लांबून येतात, ते तुमच्या डाव्या हाताला! काय रंग आहेत बघा. रोज पहाटे माळी एकेक पाकळी साफ करतात."

बस गप्प झाली. मग मागून एक बाई फिसकन हसली.

"कुठेयत फुलं?" एका मुलीने विचारलं.

"अगं, काका गंमत करतायत," तिची आई म्हणाली.

आता सगळी बस हसू लागली. दाजीही हसले. आपण कशाला हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. थांबलो तर संपलो, एवढं मात्र कळत होतं.

"वास घ्या, वास!" ते म्हणाले. लोक पोट धरून हसले. कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तो वास दाजींच्याही नाकात शिरला.

डावीकडे कचऱ्याच्या गाड्यांचा तळ होता.

संध्याकाळी नव्या ड्रायव्हरने ऑफिसात कौतुकाने सगळं सांगितलं. "साहेब, काकांना तोड नाही! कचऱ्याच्या गाड्या दाखवून म्हणतात काय, एकेक पाकळी साफ करतात!"

साहेब एकेकाळी याच बसवर कंडक्टर होते. ते हसले नाहीत. त्यांनी पोराला बाहेर पाठवलं, चहाचा कप उचलला आणि दाजींच्या खांद्याशी, जरा बाजूला धरला.

"घ्या दाजी."

दाजींनी हात पुढे केला, समोर. तिथे काही नव्हतं. साहेबांनी त्यांचं मनगट धरून कप हातात दिला.

"कधीपासून?"

"थोडं कमी दिसतं, एवढंच."

"थोडं?"

दाजींनी चहाचा घोट घेतला. "चौकशीच्या खिडकीवर बसवा मला. बोलायचंच काम आहे."

"तिथे वेळापत्रक वाचून सांगावं लागतं, दाजी." साहेब बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत राहिले. "उद्यापासून नका येऊ. चालत्या गाडीत उभे राहता तुम्ही. पडलात तर मी कुणाला काय सांगू?"

आयुष्यभर शहर दाखवणाऱ्या माणसाच्या बायकोने शहर पाहिलं नव्हतं. सुट्टीचा दिवस म्हणजे बसच्या गर्दीचा दिवस. नोकरी गेल्यावर बागेचा खणलेला रस्ता बुजला तशी ती म्हणाली, "चला, ते घड्याळ तरी दाखवा."

बागेच्या फाटकाशी तिने त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला. पायरीला ठेचकाळल्यावर पुन्हा धरू दिला.

"हेच का?" घड्याळापुढे उभी राहून ती म्हणाली. "तुम्ही सांगता त्यावरून मला केवढं मोठं वाटलं होतं."

दाजी वाकून बघत होते. नळीत एक आकडा येई, तो गेला की काट्याचं टोक येई. दोन्ही एकदम येत नव्हतं.

"किती वाजलेत?"

तिने सांगितलं.

"त्यात पाच मिळव."

तिने फोन काढून पाहिला. "कशाला? बरोबर आहे की."

"मागे आहे ते. नीट बघ."

तिने पुन्हा पाहिलं, मग रोपांच्या कडा कापणाऱ्या माळ्याला विचारलं. "मागे होतं पूर्वी," तो मान वर न करता म्हणाला. "यंत्र बदललं. झाले बरेच दिवस."

तेवढे दिवस बसमधल्या कुणीही हातातल्या घड्याळाकडे बघितलं नव्हतं.

"लोक हसायचे," दाजी म्हणाले.

"हसणारच. फिरायला आलेली माणसं ती."

दोघं थांब्यावर येऊन उभी राहिली. दाजी मान वळवून वळवून रस्ता शोधत होते. बस आली ती तिलाच आधी दिसली.