जाळी वर की मागे?

माझी आत्या शाळेच्या बँडला ट्रम्पेट शिकवते. घरात सगळे तिला ‘भोंगा’ म्हणतात, तेही तोंडावर, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. आतड्याच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी तिच्या पोटावरच्या व्रणापाशी एक फुगवटा दिसायला लागला. वरचा सूर लावला की बाहेर यायचा, आडवी झाली की गुपचूप आत. दुसरं कुणी घाबरलं असतं. ही आरशासमोर उभी राहून कुठल्या सुराला तो किती फुगतो ते बघत बसायची. एकदा मात्र तो आत जाता जाईना, कळ यायला लागली. शेवटी गेला, पण माझे बाबा म्हणाले, “ताई, पुरे झाले तुझे प्रयोग. चल, ऊठ.”

सर्जनबाई आत्यापेक्षा लहान होत्या. पोट तपासून म्हणाल्या, “हर्निया आहे. जुन्या टाक्यांच्या जागी स्नायूंमध्ये फट पडलीये. ती शिवून जाळी बसवावी लागेल.”

“कशाची जाळी?”

“प्लॅस्टिकच्या मऊ धाग्यांची. तिच्या भोकांतून तुमचंच मांस वाढतं आणि तिला धरून ठेवतं.”

“आणि बसवणार कुठे? स्नायूच्या वर की मागे?”

बाबांनी कपाळावर हात मारला. सर्जनबाई मात्र खुलल्या. एका कागदावर त्यांनी एकाखाली एक रेघा ओढल्या : कातडी, चरबी, स्नायू, पातळ पडदा, आतडी.

“स्नायूच्या वर ठेवली तर काम सोपं, लवकर होतं. पण त्यासाठी वरची कातडी बरीच सोडवावी लागते. मग त्या पोकळीत पाणी साठतं, जखम चिघळायची भीती वाढते. मागे ठेवायला वेळ लागतो, काम किचकट. पण पोटातला दाब जाळीला स्नायूवरच दाबून धरतो.”

“म्हणजे मी जितकं जोरात फुंकेन तितकी ती घट्ट बसेल?”

“पूर्ण बरं झाल्यावर, साधारण तसंच. त्याआधी फुंकलंत तर टाके उसवतील.”

“नुसती फटीतच शिवली तर? खिडकीला लावतो तशी?”

“सगळी ओढ कडांवर येते, आणि पुन्हा तिथूनच सुटतं. शक्यतो नाही करत तसं. तुम्हाला मागे बसवू.”

वॉर्डात शेजारच्या खाटेवर लाँड्रीवाल्या काकू होत्या. त्यांच्या पोटातून एक नळी निघून बाटलीत गेली होती, आणि बाटलीत लालसर पाणी होतं. त्यांची जाळी वर बसवली होती. आत्याच्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. सर्जनबाई राउंडला आल्या तशी तिने विचारलंच, “यांना वर का? कंटाळा केलात की काय?”

मी ओशाळलो. काकू मात्र उशीवरून म्हणाल्या, “सांगा हो बाई, मलाही नीट कळू दे.”

“काकूंचं पोट आधी बऱ्याचदा उघडलंय,” सर्जनबाई म्हणाल्या. “मागचे थर एकमेकांना असे चिकटलेत की सोडवताना आतड्याला इजा झाली असती. त्यांच्यासाठी वरचीच जागा बरी.”

आत्याने काकूंच्या बाटलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग मला म्हणाली, “मी तर मागची चांगली, वरची वाईट, असा निकाल लावून मोकळी झाले होते.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गुंगीतून डोळे उघडल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? “मागेच ना?”

“मागेच,” सर्जनबाई हसल्या.

खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची, असे दिवस गेले. काकूंची नळी काढल्यावर पुन्हा थोडं पाणी साठलं, ते सुईने काढावं लागलं, मग थांबलं. ट्रम्पेटला कित्येक महिने बंदी होती. आत्या मुलांना सूर गाऊन दाखवायची आणि मुलं हसून बेजार व्हायची.

परवानगी मिळाली त्या आठवड्यात काकू घरी आल्या. आत्याने वाजवायला घेतलं, तशी काकूंनी सरळ तिच्या पोटावर हात ठेवला.

“अजून वर जा बघू.”

आत्या गेली. अजून वर गेली.

“तुमची जाळी तर लागतच नाही हो हाताला,” काकू जरा हिरमुसूनच म्हणाल्या.

“आता तुम्ही खोका,” काकूंच्या पोटावर हात ठेवत आत्या म्हणाली. काकू खोकल्या. फुगवटा नव्हता, पण बोटांना एक कडक कड लागली. “तुमची लागते की! वर आहे ना, म्हणून!” आत्या हरखली, आणि त्या दोघी कितीतरी वेळ तिथेच, एकमेकींची पोटं चाचपत उभ्या होत्या.