चांगली असते, चांगली झालीय

आज जवसाची चटणी केली. जवस खमंग भाजून, लसूण घालून, खलबत्त्यात कुटून. ह्यांनी भाकरीला लावून घास घेतला आणि म्हणाले, "जवसाची चटणी चांगली असते. हृदयाला." मुलगी मोबाइलवरून नजर न हलवता म्हणाली, "केसांनाही."

या 'असते'नं माझं डोकं फिरतं. असते म्हणजे जगातली कुठलीही चटणी, मी केलेली नव्हे! मेथी केली तर ती साखरेला चांगली असते, शेवगा हाडांना, ताक पोटाला, कारलं तर सगळ्यालाच. प्रत्येक घास कुठल्या ना कुठल्या अवयवाच्या नावानं गिळायचा. बिचाऱ्या जिभेला कुणी विचारत नाही. मी स्वयंपाक करते की औषधं वाटते? 'चांगली झालीय' असं या घरात शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.

संध्याकाळी रागारागानं कांदाभजी तळली. ह्यांनी एक भजं तोंडात टाकलं आणि डोळेच मिटले.

"चांगली नसतात गं ही," दुसरं उचलत ते म्हणाले, "पण काय चांगली झालीत!"